विजया असेल तरच

फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होते. सुंदरराव वैद्यांची मुलगी कमला बोलत होती. "अप्पा गेले," ती म्हणाली, "इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरची आधी उलटतपासणी घेतली त्यांनी. कशासाठी देतोस, सोबत दुसरं काय चालू आहे, दिल्यावर जवळ कोण बसणार… तो बिचारा घामाघूम." एकमेकींना धीर द्यायचा सोडून आम्ही दोघी हसत राहिलो.

वेस्ट मांबलमला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, रेल्वेतल्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून मद्रासला आलेलो. ते पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे वैद्य. त्यांचं मराठी जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखं, मध्येच तमिळ 'सरी', म्हणजे 'बरं'. मी त्यांना मामा म्हणे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आबांच्या पोटातली गाठ काढली आणि पुढच्या उपचारांनी त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. भाताच्या वासानेही ते तोंड फिरवत. वजन असंच उतरत राहिलं तर उपचार थांबवावे लागतील, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं. भांगेच्या औषधाने भूक लागते हे मी कुठेतरी वाचलं होतं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. माझंही नाव तेच.

"मामा, आबांना विजया द्या," मी म्हटलं.

"एक आहे कीं घरीं. तिनें भूक लागत नाहीं, सरी. आतां दुसरीचें पाहूं."

पण द्यायच्या आधी प्रश्न सुरू झाले. छातीत धडधडतं का? उठताना चक्कर? घराण्यात कुणाचं डोकं फिरलं होतं? झोपेचं काही घेतात? सगळ्याला मी ठामपणे नाही म्हटलं. मामा जिना चढून वर आले, आबांशी रेल्वेच्या गप्पा मारता मारता त्यांनी पानाचा डबा उघडला. सुपारीखाली झोपेच्या गोळ्या.

"सुपारी फार पांढरी दिसते, राव."

आबा भिंतीकडे बघू लागले. डॉक्टरांना विचारून आधी या गोळ्या सोडवायच्या, मगच विजया, असं मामांनी ठरवलं. मी चिडले. "तोवर त्यांनी उपाशी राहायचं?"

"आठ दिवस पेज पाज. दोन्ही एकदम पोटांत गेलीं आणि न्हाणींत पडून हाड मोडलें, तर काय पाजशील?"

आठवड्याने, डॉक्टरांची संमती घेऊन, ते पुन्हा आले. शेवटचा प्रश्न आबांना होता. "हें औषध कशासाठीं पाहिजे?" आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं; मला मात्र दोघेही सांगेनात. मग चिठ्ठी लिहिली: 'विजया, अगदीं थोडी. घरांत विजया असेल तरच.' ती वाचून आबा कित्येक दिवसांनी हसले. "एक झोपवणार आणि दुसरी झोपू देणार नाही," म्हणाले.

परवाना असलेल्या औषधशाळेतून पुडी आणली आणि मी रजा टाकून आबांजवळ बसले. मामा रोज येत. बोलण्यात गोंधळ नाही ना, पाय अडखळत नाहीत ना, बघून जात. प्रमाण त्यांनी इतकं हळूहळू वाढवलं की मला ते चालढकल करताहेत असं वाटे… आणि एका दुपारी आबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. चार घास खाल्ले आणि म्हणाले, "आमटी खारट झालीय."

मी रागावले. किती दिवसांनी त्यांच्यावर रागावता आलं होतं.

उपचार पुरे झाले. मामांनी औषध कमी करत बंद केलं. छान चाललंय, राहू द्या ना, अशी मी विनवणी केली, तर म्हणाले, "मागितलें तें मिळालें. आतां कशासाठीं?" आबा पुढे बरीच वर्षं जगले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत.

परवा कमलाने मामांची ती वही माझ्या हातात ठेवली. आबांच्या पानावर 'कशासाठीं'च्या पुढे मामांच्या वळणदार अक्षरात होतं: 'लेकीच्या आमटीस नांव ठेवावयाचें आहे.' खाली, वेगळ्या शाईत: 'ठेविलें. औषधाची विजया बंद. घरची चालू ठेवणें.'