कोठीवाल्या बाईंनी नाव विचारलं

त्या दिवशी हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत होतो ते आम्ही इतके: मी, माझा मुलगा महेश, सून प्राची आणि कोठीवाल्या बाई. शिवाय आमचे हे. ते कपाटात होते, थोडे काचेवर, थोडे मेणाच्या वड्यांत. बाईंनी खोलीतली माणसं मोजली तेव्हा त्यांनाही धरलं. "पाच," म्हणाल्या आणि वहीत आकडा घातला.

मला सहीपुरतं लिहिता येतं. हे मी सांगतेय आणि प्राची लिहून घेतेय.

बाई मूळच्या मुंबईच्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. पोरवयात इकडं इंग्लंडात आल्या. चिरफाड झालेल्या माणसांचे कागद आणि तपासायला काढून ठेवलेले तुकडे सांभाळायचे, हे लीड्समधलं त्यांचं काम. त्यांचं मराठी माझ्या आजीच्या वेळचं. त्या खोलीला सगळे स्टोअर म्हणायचे, बाई कोठी म्हणायच्या. कपाट उघडायच्या आधी दोन बोटांनी दारावर वाजवायच्या. मी विचारलं, आतून कुणी ओ देतं का? म्हणाल्या, "अजून तर नाही. पण न विचारता कुणाच्या घरात शिरू नये."

आमचं असं झालं. हे सोलापूरच्या गिरणीत होते, मी विड्या वळायचे. दोन लेकरं गेली, महेश तेवढा जगला. त्यानं शिकून आम्हाला इकडं आणलं आणि तिसऱ्या वर्षी हे बाथरूममध्ये पडले ते उठलेच नाहीत. इथं माणूस असा अचानक गेला की सरकारी माणूस चौकशी करतो, त्याला कॉरोनर म्हणतात. त्याच्या हुकमानं फाडलं. बाराव्या दिवशी हे आमच्या हातात मिळाले. अग्नी दिला, राख घरी आणली. नदीत सोडायला गावाकडं न्यायची होती.

पण बाथरूममधला खोकला थांबेना. हे रोज सकाळी तोंड धुताना खोकायचे, तसाच. आधी कोरडा दोनदा, मग लांब एकदा. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. आत जायचे तर टॉवेल कोरडा. घरात कुणाला सांगितलं नाही. म्हातारी भ्रमली म्हणाले असते.

अशात बाईंचा फोन आला. तुकडे जाळायच्या आधी त्या घरी फोन करायच्याच, मग फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो. मी उचलला. माझं इंग्रजी ऐकून मराठीतच म्हणाल्या, "ताई, तुमच्या यजमानांचं थोडं माझ्याकडं राहिलंय. शुक्रवारी सगळ्यांबरोबर जाळणार आहेत. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. महेशला होतं. हॉस्पिटलनं फॉर्म दिला होता, त्यात तीन चौकोन: परत द्या, शिकायला ठेवा, तुम्हीच विल्हेवाट लावा. त्यानं तिसऱ्यावर खूण केली. आईला ऐकवणार नाही म्हणाला. मी रागावले नाही. फक्त म्हटलं, गाडी काढ.

खाली गेल्यावर बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "ऑफिसात सगळ्याला टिक करतोस, तशीच केलीस होय रे?" तो म्हणाला, आंटी, मी नवा फॉर्म भरतो, सही करतो. त्या म्हणाल्या, बायको असताना मुलाची सही चालत नाही, पहिलीही कुणी घ्यायला नको होती. मग त्यांनी कागद मराठीत वाचून दाखवला. काळजाचं वजन लिहिलं होतं, मेंदूचं लिहिलं होतं. फुप्फुसं गिरणीतल्या जुन्या धुळीनं खराब झालेली, म्हणून त्यांचेच तुकडे तपासायला काचेच्या पट्ट्यांवर आणि मेणात ठेवलेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं खोकतंय कोण. प्राचीनं माझा हात धरला. तिलाही तो खोकला ऐकू येत होता, हे तिनं नंतर सांगितलं.

मग बाईंनी पेन उचललं. "न्यायला आलेल्या माणसानं मेलेल्याचं पूर्ण नाव तोंडानं सांगायचं. दोनदा."

लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. मी यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. महेश म्हणाला, मी सांगतो ना बाबांचं नाव.

"तुला नाही विचारलं, बाळा."

मी म्हटलं, बाई, कागदावर आहेच की. तुम्हाला वाचता येतं.

"येतं. पण दुसऱ्याचा माणूस तुमच्या हातात पडला म्हणजे? माझी आईसुद्धा घेत नव्हती, ताई. नियम मी मोडत नाही. नियमानंच आजवर इथला एकही हरवला नाही."

कपाट गार ठेवणारी मोटर घरघरत होती. मी पदर डोक्यावर घेतला आणि नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मोटर बंद पडली आणि आतून काचेवर काच लागल्यासारखा बारीक आवाज आला. चौघांनीही ऐकला. बाईंनी मान वर केली नाही. "हजर," म्हणाल्या आणि लिहिलं.

मेणाच्या वड्या अग्नीला दिल्या, ती राख पहिल्या राखेत मिसळली. काचा जळत नाहीत, त्या बाईंनी सांगितलं तशा मातीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर उभी राहिले. नुसता नळ ठिबकत होता. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

पुढं बाई अधूनमधून घरी यायच्या, भाकरी खायच्या. म्हणायच्या, आमच्यात माणूस पुरा पुरतात, रक्त सांडलेला कपडासुद्धा सोबत ठेवतात, म्हणून मला ही नोकरी जमली. या थंडीत त्या गेल्या. झोपेतच. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लोकांनी पुरलं, फाडावं लागलं नाही. मी मूठभर माती टाकली. आता खाली त्या खोलीत बटण दाबून दार उघडणारं कुणी नवीन आलंय म्हणतात. फोन करतात की नाही, मला माहीत नाही.

यांचं नाव मी इथं लिहून घेत नाही. दोनदा घेतलं तेवढं पुरे.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्या घरी तसा तीन चौकोनांचा कागद आला, तर खूण करायच्या आधी घरातल्या म्हातारीला तो वाचून दाखवा.