आजी, हसू नका

मित्रांनो, तासगावात माझा फोटो स्टुडिओ आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. आज दुपारपासून माझं कामात लक्ष नाही, म्हणून लिहितोय.

शेजारच्या गावचं एक जोडपं आलं. नवऱ्याची आई वारली, परवा दहावा आहे. हार घालायला मोठा फोटो हवा होता. मोबाइलमध्ये एकच निघाला, सुनेनं बेदाण्याच्या शेडवर सहज काढलेला. म्हातारी तोंड भरून हसतेय, पदर खांद्यावर घसरलाय, फोटो जरा हललाय.

मुलगा म्हणाला, "ह्यो भिंतीवर कसा लावायचा? पावनं काय म्हणतील? फोटोवानी फोटो पायजे."

मग मला आठवलं. या आजी पासपोर्ट साइज फोटोला माझ्याकडे आल्या होत्या. जुन्या फोल्डरमध्ये तो सापडला. डोक्यावर पदर, ओठ मिटलेले, नजर सरळ.

"व्हय, ह्योच करा," मुलगा म्हणाला.

सून मात्र स्क्रीनकडं बघतच राहिली. "आवं, आई अशा कवाच नव्हत्या. भ्याल्यात त्या. कुणाला एवढ्या भ्याल्या?"

मला. स्टुलावर बसल्या बसल्या त्या हसल्या होत्या आणि मी खेकसलो होतो, "आजी, हसू नका!" दिवसातून वीस वेळा मी हेच म्हणतो.

तोच फोटो मोठा करून, फ्रेम घालून दिला. सुनेनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

तुमच्या भिंतीवरची माणसं आज एकदा नीट बघा. खरंच तशी होती का हो ती?