तक्रारीसाठी एकच नंबर

विलास गेल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. सकाळी पडद्यावर त्याचं नाव आलं आणि मी सवयीने विचारलं, "आता कोणती कंपनी काढलीस?" पलीकडून त्याची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी बोलतेय. हे गेले..." माझा प्रश्न त्यांनी ऐकला होता.

देवळाली प्रवरेच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो इंजिनियर झाला, मी मराठीचा मास्तर. नगरच्या एमआयडीसीतली चांगली नोकरी त्याने सोडली आणि दूध संकलन केंद्रांसाठी फॅट मोजायचं यंत्र काढलं. मग विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू करायचा स्टार्टर. मग ऊसतोडीची पाळी फोनवर कळवणारी यंत्रणा. मूल चालायला लागलं की याला पुन्हा पाळणा हवा असायचा. चालणाऱ्या कंपन्या दुसऱ्यांनी घेतल्या, काही मोडल्या. प्रत्येक यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका मात्र मी लिहायचो. तुला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तू लिही, असं त्याचं म्हणणं. तुला कळलं तर कुणालाही कळेल. हा मी सन्मान मानला.

त्याची सगळ्यात देखणी चूक घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली. कोणतं जनावर कितीला गेलं हे सगळ्यांना मोबाईलवर दिसावं, असं ॲप त्याने वर्षभर खपून केलं. पुण्यात त्यासाठी त्याला ढालही मिळाली, वर चढणाऱ्या बाणाच्या आकाराची. बाजारात मी सोबत होतो. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवत होते. विलास त्यांना ॲप दाखवू लागला. त्यातल्या वयस्कर माणसाने सगळं शांतपणे ऐकलं. "लई चांगलं हाय सायेब," तो म्हणाला, "पन भाव लोकास्नी कळू न्हाई म्हनून तर ह्यो रुमाल टाकलाय." परत येताना राहुरीजवळ विलास म्हणाला, "रुमाल मी दर बाजारी बघत होतो रे."

एका गोष्टीत मात्र तो कुणाचं ऐकत नसे. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, खोक्यावर तक्रारीसाठी नंबर त्याचा स्वतःचा. भागीदारांनी कॉल सेंटर सुचवलं. "माझं यंत्र बिघडल्यावर गिऱ्हाइकाने मलाच शिव्या द्याव्यात," हे त्याचं उत्तर. कंपनी बंद होईल, नंबर बंद व्हायचा नाही, असा त्याने लोकांना शब्दच दिला होता. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो कोपऱ्यात उभा राहून कुणाला तरी पिवळी वायर सोडवायला सांगत होता. वहिनी हे अजून विसरलेल्या नाहीत.

शोकसभेत वक्त्यांनी त्याला द्रष्टा ठरवलं. एकाने त्याच्या यंत्रांची यादी वाचली, त्यातली दोन त्याची नव्हती. तेवढ्या वेळात वहिनींच्या पर्समध्ये विलासचा फोन तीनदा वाजला. बाहेर आल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. "पुस्तिका तुम्हीच लिहिल्यात ना? मग तुम्हीच बोला."

तेव्हापासून मी बोलतोय. तो गेल्याचं सांगितलं की माणसं हळहळतात आणि विचारतात, "मग मशीनचं कसं?" यात दुष्टपणा नाही. दूध नासायचं थांबत नाही. पण त्याच्या हाताखालची पोरं कधीच पुण्याला गेली, आणि जुन्या यंत्रांचे नकाशे त्याच्या डोक्यात होते...

परवा वहिनींकडे गेलो. विलासच्या नंबरचा रिचार्ज संपायला दोन दिवस होते. "संपू द्या आता," त्या म्हणाल्या. "रोज कुणीतरी विचारतं आणि हे रोज नव्याने जातात." मी हो म्हणालो. खरंच पटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या गावातून, दूध केंद्रावरचा माणूस. फॅटचं यंत्र आकडा दाखवत नव्हतं. "बाया कॅन घिऊन हुब्या हायेत, सायेब." मी पिशवीतली पुस्तिका उघडली. प्लग काढून पुन्हा लावा. "लावला." नळी कोमट पाण्याने धुवा. "धुतली." पाच मिनिटं थांबा. "धा मिन्टं थांबलो." शेवटची ओळ माझ्याच झोकदार मराठीत होती, ती मी वाचून गेलो, "तरीही दोष न गेल्यास खोक्यावरील क्रमांकावर संपर्क साधावा."

"त्योच तर लावलाय, सायेब."

वहिनींना हसू आलं. मग त्या उठून आत गेल्या.

मी त्या माणसाला "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग माझ्या मोबाईलवरून त्या नंबरचा रिचार्ज केला, अठ्ठावीस दिवसांचा. मला एवढंच येतं.

"काय सांगितलंत त्याला?" वहिनींनी आतून विचारलं.

"बघतो म्हणालो."

"हेही तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण लगेच गाडी काढायचे."