खासगीत कळवा

आमच्या वस्तीतली बातमीदार ताई शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटीच पेपर चालवते. मोबाइलवर आलेला व्हिडिओ ती त्यातल्या पाट्या, सावल्या पडताळून, पाठवणाऱ्याशी बोलूनच छापते. मोठ्या पेपरवाल्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी! पण परवा घाईत तिनं पेपरच्या फेसबुक पानावर विचारलं, "कारखान्याचं रसायन नाल्यात सोडताना कुणी पाहिलंय का?" खासगीत कळवा, एवढंच लिहायचं राहिलं. मीही शेजारी बसून बघत होतो, माझ्याही टाळक्यात आलं नाही.

पाच मिनिटांत त्याच कारखान्यातल्या एका हमालानं खाली स्वतःच्या नावानं लिहिलं, "मी पाहिलंय. व्हिडिओ आहे."

ताईनं लगेच फोन लावला. "दादा, आधी ते पुसा!"

"पुसतो की. पण आमच्या मुकादमानंसुद्धा लाइक केलंय बघा, ताई!" तो हसला.

ताई फोन हातात घेऊनच उठली. आम्ही तसेच त्याच्या घरी धावलो.

दारात त्याची बायको होती. "आत्ताच गेले. मुकादम स्वतः गाडी घेऊन आले होते," ती कौतुकानं म्हणाली. "एवढा मान कधी दिला नव्हता हो. मोबाइल बरोबर घ्यायचीसुद्धा त्यांनीच आठवण करून दिली."