मोबाईल त्याच्याबरोबर दिला

माघातला शेवटचा शनिवार. डहाणू स्टेशनजवळचं दुरुस्तीचं दुकान. ठरलेली रक्कम सातशे रुपये, तीही आतला मजकूर परत मिळाला तरच. हजर आम्ही चौघं: मी, वहिनी, पुतणी आणि दुकानदार.

लॅपटॉप पुतणीचा. दोन दिवसांपूर्वी लॅपटॉपने आपोआप नवी सिस्टीम भरून घेतली, आणि तेव्हापासून उघडायला निळ्या पडद्यावर लांबलचक नंबर मागत होता. आत तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अडकला होता. आमच्या उधव्यातल्या विहिरींचं पाणी दर आठवड्याला किती खाली जातं, याचं वर्षभराचं मोजमाप. दोरी धरायला माझा थोरला भाऊ, तिचा बाप, बरोबर जायचा. आषाढात तो गेला. नंतर ती एकटी मोजत होती. आकडे लॅपटॉपवर उतरवून झाले की वहीची पानं चुलीत जायची. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता, नाहीतर वर्ष गेलं.

"हा नंबर ज्याच्या अकाउंटवर लॅपटॉप सुरू केला, त्याच्याकडेच मिळेल," दुकानदार म्हणाला. "अकाउंट कोणाचं?"

"बाबांचं. पासवर्ड माहीत नाही."

"मग त्यांच्या मोबाईलवर ओटीपी मागवू. मोबाईल कुठे?"

"त्यांच्याबरोबर दिला," वहिनी म्हणाली.

आमच्या पाड्यावर माणूस गेला की त्याच्या हातातल्या वस्तू त्याच्याबरोबर देतात. टोपी आणि विडीची डबी चितेवर ठेवली. मोबाईल फुटेल म्हणून शेजारी खड्डा करून पुरला.

"सिम तरी काढायचं होतं, काका," दुकानदार मला म्हणाला. "किंवा तेव्हाच त्या नंबरचं दुसरं काढून घेता आलं असतं. आता रिचार्ज नाही म्हणजे नंबरही गेला असेल."

पुतणीने बाबांचा नंबर लावला. रिंग वाजली. वहिनी स्टुलावरून उठून उभी राहिली.

"हलो, कोण?" पलीकडे अनोळखी पुरुष होता. "आ नंबर मारो छे, बेन. दिवाळी पछी लीधो." दिवाळीनंतर घेतलेला.

पुतणी म्हणाली, "दादा, तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील. तेवढे सांगा फक्त."

"ओटीपी? रोज आवा फोन आवे छे. आज छोकरीने बेसाडी."

रोज असे फोन येतात, आज पोरीला बसवलंय, म्हणत त्याने फोन कट केला. मी माझ्या मोबाईलवरून लावला. सीमेजवळ राहून गुजराती येते. म्हटलं, आ मारा भाईनो नंबर हतो.

"तो भाईने पूछो," मग भावालाच विचारा, तो म्हणाला. त्यानंतर त्याने मोबाईलच बंद केला; आमच्या तिघांपैकी कोणाचाही फोन लागला नाही.

मला त्याचा राग आला नाही. कोणालाही ओटीपी सांगू नका, हे घरात मीच सगळ्यांना बजावलं होतं.

"आता सगळं पुसून नवं भरायचं, एवढंच हातात आहे," दुकानदार म्हणाला.

"विहिरी तिथंच आहेत ना?" वहिनीने विचारलं. "परत मोजू. मी दोरी धरते."

"विहिरी आहेत, आई. त्या वर्षाचं पाणी नाही."

मी तिच्या सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळले, आणि आकड्यांशिवाय प्रोजेक्ट घेता येणार नाही म्हणाले.

पुतणीने दुकानदाराला मान हलवून पुसायला सांगितलं. पडद्यावर टक्के वाढत गेले, तोवर वहिनी बाहेर जाऊन उभी राहिली.

मजकूर मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने नवं भरल्याचे चारशेच घेतले. ते मी दिले. जूनमध्ये त्याच वर्गात परत नाव घालण्याचे अकराशे रुपये कॉलेजच्या खिडकीवर वहिनीने भरले, भातलावणीच्या मजुरीची उचल घेऊन. मला देऊ दिले नाहीत.