गोडाआधीची गोळी

मुलीच्या मानेवर काळा पट्टा दिसू लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याला मळ ठरवलं. शुक्रवारी तेल लावून न्हाऊ घालताना मी तो मुगाच्या पिठाने घासायची. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, हा मळ नव्हे; वजनामुळे हिच्या अंगातलं इन्सुलिन लागू पडेनासं झालंय. बारा वर्षांच्या पोरीला गोळी सुरू झाली, आणि तीही कोणती, तर माझे सासरे साखरेच्या आजारासाठी घेतात तीच. मी सुन्न झाले. सासऱ्यांना मात्र जोडीदार मिळाल्याचा आनंद झाला. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात राहू लागल्या. बाईंनी रोज चालायला आणि भात कमी करायलाही बजावलं होतं, पण आमच्या घरात गोळीवर जितका विश्वास, तितका पायांवर नाही.

सासऱ्यांची एक जुनी रीत होती. लग्नाच्या जेवणाला निघताना ते एक गोळी जास्तीची घेत आणि म्हणत, पायसाची सोय झाली. आमच्या नात्यातले निम्मे म्हातारे हेच करतात, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो.

तंजावुरजवळच्या पापनाशमला असंच एक लग्न होतं. पानावर पायसम आलं, जिलबीसारखी जांगिरी आली, बाहेर आइसक्रीमही होतं. मुलीने सगळं खाल्लं. मी डोळे वटारले, तर ती निवांत हसली. परतताना गाडीत तिला उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. तंजावुरात शिरल्यावर घरी न जाता आम्ही सरळ डॉक्टरीणबाईंचं हॉस्पिटल गाठलं.

सलाईन लावल्यावर बाईंनी तिला तमिळमध्ये विचारलं, रोजच्याशिवाय गोळ्या घेतल्यास का? ती हो म्हणाली. किती, म्हटल्यावर माझ्याकडे बघून मराठीत बोलली, "एकेका गोडाला एक. आज्जा घेतात की तसंच."

चोरून नाही, खोडी म्हणून नाही. पोरीने शहाण्यासारखा विचार करून गोळ्या गिळल्या होत्या. वेळेवर आणलंत, बाई म्हणाल्या, पण आज इथेच ठेवू, रक्त पुन्हा तपासावं लागेल. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, तो आता चढवायचाच म्हणून मी वळले. ते खाटेच्या पायथ्याशी खिशावर हात दाबून उभे होते.

तेवढ्यात मुलगी बाईंना म्हणाली, "आज्जांनी पण आज जास्तीची घेतलीय. त्यांना कुठल्या खाटेवर ठेवणार?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून बाईंच्या हातात दिली आणि नातीच्या पायाशी मटकन बसले.