हाकेला ओ येईपर्यंत

फोन नोएडाहून होता आणि पलीकडचा माणूस नुसतंच ‘आंटीजी, सर... आंटीजी, सर...’ म्हणत होता. कुकरच्या शिट्टीत मला धड ऐकू येईना, म्हणून मी गॅस बंद केला आणि त्याला दटावलं, ‘अरे भई, पूरा तो बोलो!’ मग तो बोलला. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर श्रीधर, सकाळी नेहमीसारखे मेट्रोने ऑफिसला गेले होते. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी खुर्चीत मागे रेलले आणि परत उठलेच नाहीत. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इतकी घाई ह्या माणसाने जन्मात कधी केली नव्हती! भाजी आणायला पाठवलं तर आधी चष्मा पुसणार, मग पिशवी झटकणार, मग चपलांपाशी उभं राहून ‘वहिनी, मेथी नसेल तर पालक आणू का?’ हे विचारणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीत. आणि जाताना मात्र एका शब्दाने काही विचारलं नाही. काही आठवडे झाले, पण मला अजून त्यांचा राग येतो.

मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. सासू-सासरे आधीच गेलेले. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिल्लीत नोकरी लागली तेव्हा ह्यांनी धाकट्या भावाला साताऱ्याहून इकडे आणलं, शिकवलं, आणि त्याच्या प्रत्येक परीक्षेला सुट्टी काढून बाहेर झाडाखाली बसून राहिले. भाऊजींचं सगळं जग म्हणजे दादा. स्वतः लग्न केलं नाही. कितीदा विषय काढला, पण ‘बघू हो वहिनी’ म्हणत माझ्या हातचे बेसनाचे लाडू तेवढे संपवत राहिले. पुढे मयूर विहारला आम्ही फ्लॅट घेतला, तर भाऊजींनी समोरच्याच ब्लॉकमध्ये घेतला. जेवायला रोज आमच्याकडे. मार्च उलटून गेला तरी अंगात तो राखाडी स्वेटर, आणि दारातूनच ‘दादा, काय म्हणतोस?’

त्यांचं काम काय, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या उघडणारी एक यंत्रणा असते आणि तिच्याशी बोलायला एक लायब्ररी असते, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमांचा संच. भाऊजी नोकरीभर त्यातच रमले. एकदा मी बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खालच्या भाजीवाल्याशी बोलत होते, तेव्हा मागे उभे राहून हसायला लागले. म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही अगदी आमच्या लायब्ररीसारखं करता. कोथिंबीर दे, टोमॅटो दे, आलं दे, असं भराभरा सांगून आत निघून जाता. आलं संपलंय हे टोपली वर आल्यावर कळतं. आमचंही तसंच. खिडकी उघड, रंग भर, अक्षरं लिही, अशा विनंत्या गठ्ठ्याने पाठवायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला लागायचं. चूक झाली तर तिचा निरोप मागाहून येतो.’ मी म्हटलं, मग वाट बघायला काय होतं तुमच्या लायब्ररीला? ‘प्रत्येक विनंतीला थांबत बसलो तर पडदा कासवासारखा चालेल. महत्त्वाची असेल तिच्यासाठीच थांबायचं. आणि महत्त्वाची कुठली, हे ठरवण्यातच निम्मं आयुष्य जातं हो.’

मग ह्यांना पक्षाघात झाला. जिवावरचं बोटावर निभावलं, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द निघत नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं मला प्रत्येक गोष्टीवरून टोकलं, तो नुसता बघत राहायचा. त्यातून घंटी वाजवायची लाज वाटायची. नोकराला बोलावल्यासारखं वाटतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. भाऊजींनी हे ओळखलं. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत जाऊन एक वळणारा दांडा आणला, तो पलंगाला बसवला आणि त्यावर एक टचस्क्रीन लावला. त्यावर मोठाली बटणं. पाणी, पंखा, टीव्ही, कूस बदल. खाली दोन नावं, उज्ज्वला आणि श्रीधर. डाव्या हाताने बटण दाबलं की स्वयंपाकघरातल्या पडद्यावर खिडकी उघडायची आणि अक्षरं दिसायची. ‘श्रीधर’ दाबलं की समोरच्या ब्लॉकमध्ये, भाऊजींच्या टेबलावर. त्यांचा तिथला संगणक कायम चालू. पहिल्या दिवशी ह्यांनी ‘उज्ज्वला’ दाबलं आणि मी धावत गेले, तर काही नको होतं. नुसतंच दाबून बघितलं होतं. किती दिवसांनी ह्यांनी मला नावाने हाक मारली होती!

आता गंमत ऐका. मला काम झालं की झाकपाक करायची सवय. पाणी देऊन आले की मी ती खिडकी फुली दाबून बंद करून टाकायचे. भाऊजींच्या प्रोग्रॅमला मात्र तीच खिडकी पुन्हा वापरायची असायची. नसलेल्या खिडकीत अक्षरं लिही म्हटलं की चूक झाल्याचा निरोप यायचा, आणि तसा निरोप आला की लायब्ररीच्या रिवाजाप्रमाणे अख्खा प्रोग्रॅमच बंद पडायचा. भाऊजी बिचारे ऑफिसला निघालेले. त्यांनी घाईघाईत एवढंच केलं, की चूक झाल्याचा निरोप आला तर दुर्लक्ष कर आणि चालू राहा. ‘संध्याकाळी नीट करतो,’ म्हणाले. प्रोग्रॅम बंद पडायचा थांबला, आम्हाला वाटलं झालं काम.

दुपारी चहा घेऊन गेले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. कप पुढे केला तो हाताने लोटून दिला. चादरीवर चहा. मला वाटलं चिडचिड, आजारपण. ‘काय झालं हो?’ विचारलं, तर डोळ्यांतून पाणी. ओठ कोरडे पडलेले... पण मला कसं कळणार? स्वयंपाकघरातला पडदा तर कोराच होता. आणि ह्यांना वाटत होतं, की मी पलीकडे आहे, भांड्यांचा आवाज येतोय, हाक दिसतेय तिला, आणि मुद्दाम येत नाहीये. कंटाळली आता. माझ्या नवऱ्याला ते वाटलं, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी भाऊजी आले, दोघांचे चेहरे बघितले आणि चपला न काढताच पलंगापाशी बसले. त्या गिळून टाकलेल्या चुका त्यांनी पडद्यावर उमटवायला लावल्या आणि दादाला म्हणाले, ‘दाब.’ ह्यांनी ‘पाणी’ दाबलं. एक ओळ आली. पुन्हा दाबलं, पुन्हा ओळ. भाऊजींनी त्या ओळी वाचल्या. मग ह्यांचा हात धरून म्हणाले, ‘दादा, वहिनींपर्यंत हाक पोचलीच नव्हती रे. तू मारलीस, ती वाटेत हरवली, आणि हरवली हे सांगणाऱ्याचं तोंड मी बंद केलं होतं. चूक माझी आहे. वहिनींची नाही.’ एवढा साठी जवळ आलेला माणूस, रडत होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘बघता काय? लग्न केलंय तुमच्याशी, जाईन कुठे?’ आणि पाणी आणायला गेले, कारण मलाही तिथे उभं राहवेना.

त्यानंतर भाऊजींनी चक्क सुट्टी टाकली. सुट्टी, त्यांनी! खिडकीची फुली काढून टाकली. तिच्या जागी एकच बटण, ‘आले’. ह्यांनी काही दाबलं की प्रोग्रॅम आता तिथेच थांबायचा, खिडकी खरंच उघडली का हे विचारायचा, आणि मी ‘आले’ दाबेपर्यंत घंटी वाजत राहायची. माझ्याकडून ओ मिळाली की ह्यांच्या पडद्यावर हिरवा ठिपका. मी चिडवलं, ‘काय हो, उत्तराची वाट बघायची नसते ना तुमच्यात?’ तर म्हणाले, ‘हाकेसाठी बघायची.’ पलीकडचा संगणकच बंद असेल तर काय, ह्याचाही त्यांनी विचार केला होता. तशा वेळी लायब्ररी अख्खा प्रोग्रॅमच बंद पाडते, म्हणून त्यांनी प्रत्येक घरासाठी वेगळा प्रोग्रॅम केला. एक गेला तर दुसऱ्याने त्याचं काम बघायचं. हे मी नुसतं हो हो म्हणून ऐकलं. वीज जाते ती आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकदमच, त्यामुळे ते कधी बघायची वेळच आली नाही. ‘श्रीधर’ दाबलं की भाऊजी घरी असतील तर स्वेटर चढवत येतच. मग दोघं भाऊ मॅच बघत बसायचे. एक बोलायचा, दुसरा बटणं दाबून त्याला गप्प करायचा.

ते गेल्यावर ह्यांना सांगितलं मीच. ह्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. पुढचे आठवडे ‘पाणी’ आणि ‘कूस बदल’ याशिवाय एकही बटण नाही. टीव्हीसुद्धा नको. मला भीती वाटायला लागली, की हा माणूस आता हाका मारणंच सोडून देईल. दरम्यान आमच्या निखिलने काकाचा फ्लॅट आवरला, संगणक बंद करून खोक्यात भरला. जायच्या आधी मला म्हणाला, ‘आई, बाबांच्या स्क्रीनवरून काकाचं बटण हटवून टाकू? बिल्कुल दोन मिनिटांचं काम आहे यार.’ म्हटलं, मी तुझी यार नाही, आणि हात लावून तर बघ.

परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि घंटी वाजली. पडद्यावर खिडकी आली, पण ती नेहमीची नव्हती. अशी मी कधी पाहिलीच नव्हती. त्यात लिहिलं होतं, ‘वहिनी, दादा मला हाक मारतोय आणि माझ्याकडून ओ येत नाहीये. मी बहुतेक कुठेतरी बाहेर असेन. जरा जाऊन बघता?’

आपला संगणक कधी बंद असेल तर, म्हणून भाऊजींनी केव्हाची लिहून ठेवलेली ओळ होती ती. घंटी वाजत होती, आतल्या खोलीत हे वाट बघत होते... कणकेच्याच हाताने मी ‘आले’ दाबलं. आत जाऊन ह्यांना ती ओळ म्हणून दाखवली, अगदी भाऊजींच्या सुरात, तर हे रडता रडता हसायला लागले आणि बोटाने ‘टीव्ही’ दाबलं.

आता रोज भाऊजींच्या यायच्या वेळेला हे त्यांच्या नावाचं बटण दाबतात. तीच ओळ येते. मी हात पुसते, ‘आले हो भाऊजी’ म्हणते आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसते.